फुलांचं हिवाळी बिऱ्हाड
(नभोवाणी भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडे हिवाळा म्हणजे फुलांचा हंगाम. शेवंती, डेलिया, पिटुनिया, सगळी मंडळी दिवाळीनंतर रंगात येतात. आपल्या बागवाल्याला धास्ती असते ती एप्रिल-मेची. 'झाडं उन्हानं करपली' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. 'थंडीनं गेली' असं म्हणण्याची वेळ फार तर निफाडच्या द्राक्ष बागायतदारावर येते, नाहीतर वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले की महाबळेश्वरच्या माळ्यावर.

मी गेली सत्तावीस वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहते. तिथे हे गणित अगदी उलट आहे. तिथला हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकतो. जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. २० जानेवारी १९८५ रोजी शिकागोत उणे ३३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि ३० जानेवारी २०१९ ला उणे ३१. अशा गावात मोगरा, जास्वंद, कर्दळ, डेलिया, जिरॅनियम वर्षानुवर्षं जगवायची तर काय करावं लागतं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. थंडी ही सगळ्याच झाडांची शत्रू नव्हे. ट्यूलिपच्या कंदाला बारा ते सोळा आठवडे गारठा मिळाला नाही तर तो नीट फुलतच नाही. लायलॅक आणि पिओनी यांनाही कडक हिवाळा हवा असतो. ही त्या मातीतली लेकरं. ऑक्टोबरात दिवस लहान होऊ लागले की ती स्वतःच आवराआवर करतात आणि झोपी जातात. प्रश्न आहे तो पाहुण्यांचा. जास्वंद आशियाच्या उष्ण भागातली, जिरॅनियम दक्षिण आफ्रिकेचं, डेलिया मेक्सिकोचा, कर्दळ उष्ण अमेरिकेतली. बर्फ नावाची गोष्ट यांच्या घराण्यानं कधी पाहिलेली नाही.

मग थंडीनं झाड मरतं म्हणजे नक्की काय होतं? शून्याखाली पारा गेला की आधी पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होतो. तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी सुकते. थंडी एकदम पडली तर पेशीच्या आतच बर्फाचे खडे होतात आणि तिचं आवरण फाटतं. सकाळी ऊन आलं की पान उकडलेल्या पालकासारखं काळंनिळं, लिबलिबीत होऊन लोंबतं. पण मोगरा-जास्वंदीसारख्या झाडांना बर्फाचीही गरज लागत नाही. पारा दहाच्या खाली बरेच दिवस राहिला तरी त्यांच्या पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं थिजू लागतात, आपल्या खोबरेल तेलासारखी. पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात आणि झाड खंगत जातं.

या पाहुण्यांची हिवाळ्याची सोय करणं हा युरोपातला जुना उद्योग आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्याची झाडं ठेवण्यासाठी १६८४ ते १६८६ या काळात एक प्रचंड दगडी दालन बांधलं गेलं. लाकडी पेट्यांत लावलेली ती झाडं थंडीत आत आणि उन्हाळ्यात बाहेर, अशी ने-आण करतात. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीयाच्या परसातही काचघर दिसू लागलं. आमच्या शिकागोत १९०८ साली सुरू झालेलं गारफील्ड पार्कचं काचघर आहे. २०११ च्या जूनमध्ये गारपिटीनं त्याच्या काचांचा चुरा केला होता. ते पुन्हा उभं राहिलं. भर जानेवारीत आत शिरलं की कोकणात आल्यासारखा ओला, उबदार वास येतो. चष्म्यावर वाफ धरते आणि बाहेर यावंसं वाटत नाही.

आपल्याकडे ना राजवाडा, ना काचघर. घराची एक दक्षिणेकडची खिडकी, एक तळघर आणि एक गॅरेज, एवढंच भांडवल. पण त्यात भागतं. झाडाचा स्वभाव ओळखला की झालं. मी झाडांचे तीन गट करते. काहींना झोपवायचं, काहींना जागं ठेवायचं आणि काहींचं फक्त बेणं राखायचं.

झोपवायच्या गटात सगळ्यात मोठा मान डेलियाचा. हे फूल १७८९ च्या सुमारास मेक्सिकोहून माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचलं. १७९१ मध्ये काव्हानिय्येस या वनस्पतिशास्त्रज्ञानं आन्द्रेस डाल या स्वीडिश अभ्यासकाच्या नावावरून त्याला 'डालिया' म्हटलं. आपण त्याचा 'डेलिया' केला. जमिनीत त्याचे रताळ्यासारखे कंद असतात. जमीन गोठली की त्यांचा लगदा होतो, म्हणून ते काढून ठेवायचे.

कधी काढायचे? पहिलं हिमदव पडून पानं काळी पडली की. त्याआधी घाई करू नये, कारण शरदातल्या छोट्या दिवसांतच कंद भरतात. मग वीतभर दांडा ठेवून झाड कापायचं, काट्यानं लांबून खणायचं, माती झटकायची आणि कंद दोन-तीन दिवस उलटे ठेवायचे. डेलियाचा दांडा पोकळ असतो. त्यात पाणी राहिलं तर कूज तिथूनच सुरू होते. त्यानंतर खोक्यात लाकडाचा भुसा किंवा कोरडं पीट घालून त्यात कंद झाकायचे. जागा अंधारी हवी आणि तापमान चार ते दहा अंश. त्यापेक्षा गार झालं तर गोठण्याचा धोका, उबदार झालं तर कंद सुरकुततात किंवा अवेळी कोंब काढतात. महिन्यातून एकदा खोकं उघडून पाहायचं. मऊ पडलेला भाग कापून टाकायचा, फार सुकलेल्यावर पाण्याचा हबका मारायचा. कर्दळ आणि ग्लॅडिओलस यांचंही थोड्याफार फरकानं हेच.

ऐकताना तुम्हाला आपल्याकडची हळद आठवली असेल. मलाही आठवते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या पुरात त्यांतली कितीतरी खराब झाली. आल्याचं आणि हळदीचं बेणं शेतकरी उन्हाळाभर सावलीत जपतो आणि पावसाच्या तोंडावर लावतो. कंद जमिनीबाहेर काढून वाईट काळ निभवायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच. वाईट काळ तेवढा वेगळा.

जिरॅनियमची गंमत आणखी वेगळी. खरं तर ते पेलार्गोनियम. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला जिरॅनियमच्या घरात बसवलं, १७८९ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जुन्या काळच्या अमेरिकन घरांत शरदात ही झाडं मुळासकट उपटून, माती झटकून तळघराच्या तुळईला उलटी टांगत आणि वसंतात पुन्हा लावत. तेव्हाची तळघरं मातीची, गार आणि दमट होती. आताच्या तळघरात तापवण्याचं यंत्र असतं. तिथे ती वाळून काडी होतात. म्हणून आता कागदी पिशवीत ठेवून महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात भिजवायची. कृती आजीची असली तरी घर आजीचं राहिलेलं नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

दुसरा गट जागं ठेवायच्या झाडांचा. मोगरा, जास्वंद, आणि फुलझाडं नसली तरी मराठी घरात ज्यांच्यावाचून चालत नाही ती तुळस आणि कढीपत्ता. यांना अंधारात झोपवता येत नाही. रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांवर आला की यांना आत घ्यायचं. आमच्या मंडळातल्या बायकांचं एक पंचांग आहे. अनंत चतुर्दशी झाली की कुंड्यांकडे बघायला लागायचं आणि घटस्थापनेपर्यंत सगळं आत. अधिक महिना आला की हे पंचांग साफ चुकतं, म्हणून मी खिडकीबाहेर थर्मामीटर लावलेला आहे!

आत आणण्याआधी झाडाला आंघोळ घालायची. पानं खालून-वरून धुवायची आणि साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा द्यायचा. बाहेर मावा आणि पांढरी माशी यांना खाणारे ढालकिडे असतात, आत कोणी नसतं. एक मादी लपून आत आली की नोव्हेंबरपर्यंत घरभर तिचं गोकुळ. शिवाय तापवलेल्या घरातली हवा कोरडी ठणठणीत असते आणि लाल कोळ्याला नेमकी तीच आवडते. दर आठवड्याला पानं ओल्या फडक्यानं पुसणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

आत आल्यावर पंधरा दिवसांत जास्वंदीची पानं पिवळी होऊन गळू लागतात. नवी मंडळी इथे घाबरतात आणि भराभर पाणी घालतात. झाड मरतं ते त्या पाण्यानं. कारण समजून घ्या. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, शिकागोत नऊ तासांचा. पुण्यात त्या दिवशी दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, शिकागोत जेमतेम २५ अंश. त्यातून काचेतून जेवढा येईल तेवढाच उजेड. कडक उन्हात वाढलेली पानं एवढ्याशा उजेडात पोसणं झाडाला परवडत नाही, म्हणून ते नोकरकपात करतं. पानं कमी झाली की मुळं पाणीही कमी ओढतात. अशा वेळी माती वरून बोटभर सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही आणि खत तर मार्चपर्यंत नाहीच. मोगऱ्याला दहा ते पंधरा अंशांची, पण उजेडाची खोली मिळाली तर तो शांत बसून राहतो. फेब्रुवारीच्या शेवटी त्याची छाटणी करायची. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कात्री लावताना जीव कचरू देऊ नये. जूनमध्ये पहिली ओंजळ निघते. तिथे कुणी गजरा विकत नाही, त्यामुळे त्या ओंजळीचं मोल काय असतं ते मी सांगायला नको.

हल्ली एलईडीचे दिवे स्वस्तात मिळतात. दिवसाचे बारा-चौदा तास असा दिवा लावला तर उत्तरेच्या खिडकीतही तुळस तग धरते. आमच्या तळघरात जांभळट उजेडात तुळशीची कुंडी बसलेली पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, हिला दवाखान्यात का ठेवलंयस?" उपमा अगदी चुकीची नव्हती.

तिसरा गट बेणं राखायच्यांचा. कोलियस, गुलमेंदीच्या जातीतली इम्पेशन्स, मोठी झालेली जिरॅनियम, यांची अख्खी झाडं घरात घ्यायला जागा कुठून आणायची? ऑगस्टच्या अखेरीस बोटभर लांबीच्या निरोगी फांद्या काढून छाट कलमं करायची. एका खिडकीत वीस झाडं मावतात. आईझाड बाहेर थंडीनं गेलं तरी तेच झाड आत छोट्या रूपात उरलेलं असतं.

'तेच झाड' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बियांपासून आलेलं रोप हे अपत्य असतं, ते आईबापांपेक्षा वेगळं निघतं. डेलियाच्या बाबतीत तर फारच, कारण त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच असतात, पत्ते पिसावेत तसे ते पिसले जातात. एका फुलाच्या शंभर बिया पेरल्या तर शंभर वेगळी झाडं येतील. म्हणून डेलियाचं एखादं वाण टिकवायचं तर ते कंदातून किंवा फांदीतूनच टिकवावं लागतं. 'जर्सीज ब्यूटी' नावाचा गुलाबी डेलिया १९२३ सालचा आहे. आज ज्यांच्या बागेत तो फुलतो त्यांच्याकडे १९२३ चं ते मूळ झाडच आहे, तुकड्या-तुकड्यांनी पुढे आलेलं. जमीन गोठणाऱ्या प्रदेशात याचा अर्थ असा, की गेले शंभर हिवाळे कुणी ना कुणी ते कंद खणले, पुसले, खोक्यात ठेवले आणि वसंतात पुन्हा लावले. आपल्या दुहेरी मोगऱ्याचीही गोष्ट अशीच. त्याला बी धरत नाही, तो हातातून हातात जातो.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर मी विसरले असते. पण आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत होते, तरुणपणी पोलंडहून आलेले. त्यांच्या कुंपणालगत एक डेलिया होता. ताटलीएवढं फूल, मध्ये जर्द केशरी आणि टोकाला फिकट होत जाणारं. त्यांच्या पत्नीनं तो फार वर्षांपूर्वी कुणाकडून तरी आणला होता. नाव कुणालाच माहीत नव्हतं. पत्नी गेल्यावर ते दर शरदात एकटेच गुडघे टेकून कंद खणत. ऐंशी उलटल्यावर एका ऑक्टोबरात त्यांनी माझ्याकडे खोकं दिलं. ते मुलीकडे सदनिकेत राहायला निघाले होते. म्हणाले, "तिथे जमीन नाही. हा दुकानात मिळत नाही. आणि एक करा, सगळा एकाच घरात ठेवू नका."

त्यांचा सल्ला मी तंतोतंत पाळला. वसंतात गड्डा फोडून वाटून दिला. गड्डा फोडताना एक पाहायचं. प्रत्येक तुकड्याला मानेजवळ डोळा हवा. कंद कितीही गलेलठ्ठ असला तरी डोळा नसेल तर तो कधीच फुटत नाही. तीन घरांत तो डेलिया गेला. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये मोठं वादळ झालं. वीज गेली, तळघरातलं पाणी उपसणारा पंप थांबला आणि रात्रभरात तळघरात वीतभर पाणी साचलं. सकाळी खोकं तरंगत होतं. आठवड्याभरात त्यातला एकही कंद धड राहिला नाही. त्या दिवशी मी काही बोलू शकले नाही. फूल माझं नव्हतंच, ते सांभाळायला दिलेलं होतं, आणि देणारे आजोबा त्याआधीच्या हिवाळ्यात वारले होते.

दोन घरांत फोन केले. एका घरी तो आधीच्याच वर्षी मेला होता. दुसऱ्या घरी, माझ्या एका नागपूरकर मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार कंद होते. तिघांना डोळे होते. तिनं दोन मला दिले आणि एक आजोबांच्या मुलीला. मुलीनं तो सदनिकेच्या गच्चीत मोठ्या पिंपात लावला. आज तो डेलिया, माझ्या हिशेबानं, नऊ घरांत आहे. नाव अजूनही कुणाला माहीत नाही. आम्ही त्याला आजोबांच्या पत्नीच्या नावानं ओळखतो.

आता कुणी विचारेल, हवामान तापतंय, मग हा खटाटोप कमी होईल ना? अमेरिकेच्या शेती खात्याचा एक नकाशा आहे. कुठे किती कडाक्याची थंडी पडते त्यानुसार देशाचे तेरा पट्टे केले आहेत. २०२३ मध्ये तो नव्यानं काढला तेव्हा जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्यानं उबदार झालेला दिसला. पण तो नकाशा दरवर्षीच्या सर्वांत थंड रात्रीची तीस वर्षांची सरासरी सांगतो. झाड सरासरीनं मरत नाही, एका रात्रीत मरतं. २०१९ ची ती जानेवारीतली रात्र आठवते. काचेजवळच्या कुंड्या मी खोलीच्या मधोमध ओढून घेतल्या होत्या, कारण काचेला आतून बर्फ धरलं होतं.

मेमध्ये सगळं उलट क्रमानं करायचं. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या रविवारी, मातृदिनानंतर, झाडं बाहेर लावण्याचा प्रघात आहे. पण आतून थेट उन्हात नाही. आधी सावलीत तासभर, मग दोन तास, असं आठ-दहा दिवस करत करत न्यायचं. कित्येक महिने घरात राहिलेली पानं एका दुपारच्या उन्हानं भाजून निघतात.

ज्यांची मुलं-सुना परदेशी आहेत अशा श्रोत्यांना एक विनंती. प्रेमापोटी बॅगेत मातीसकट मोगऱ्याचं रोप घालून नेऊ नका. माती नेण्यास बंदी आहे, आणि झाडासाठी रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. कढीपत्त्यावर तर विशेष करडी नजर असते, कारण लिंबूवर्गीय बागांचा घात करणारी एक कीड त्यावर वाढते. तिथल्या एखाद्या मराठी घरात मोगऱ्याची कुंडी हमखास असते. एक फांदी मागा, कुणी नाही म्हणत नाही.

आणि ज्यांच्याकडे एखादं जुनं, निनावी फूलझाड आहे, मग ते पुण्यात असो की शिकागोत, त्यांनी यंदाच एक छाट कलम करावं आणि शेजारी द्यावं. आपल्या अंगणातलं झाड टिकवायचा याहून खात्रीचा उपाय मला तरी सापडलेला नाही.